बाहुली, यंत्रमानव आणि आजी : रूप व वर्तन आपल्या मनावर काय करतात?

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी यंदा काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा प्रथम अतिसार, लसीकरण किंवा कुपोषण असा नेहमीचाच विषय मनात आला होता. परंतु गेली तीन वर्षे एक प्रसंग मला स्वस्थ बसू देत नाही. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती आपणा सर्वांसमोर मांडावी आणि त्या निमित्ताने जे थोडेफार वाचन व चिंतन घडले ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिवाळी नुकतीच संपली होती. सकाळची रुग्णतपासणी आटोपत आली असता एक आजी आपल्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन आत आल्या. तक्रार साधी, सर्दी-खोकल्याची. मुलाच्या काखेत वीतभर उंचीचे, गोल डोक्याचे, निळ्या डोळ्यांची उघडझाप करणारे एक बोलके यंत्र होते. परदेशी असलेल्या काकांनी ते दिवाळीची भेट म्हणून पाठविले होते. मूल त्याच्याशी इंग्रजीत बोलत होते, ते इंग्रजीत उत्तर देत होते. भालकीसारख्या गावातले चार वर्षांचे पोर अशी इंग्रजी वाक्ये बोलते याचे मला कौतुक वाटले आणि मी त्याला शाबासकी दिली. आजी मात्र गप्प होत्या. औषधाची चिठ्ठी घेऊन जाताना दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, लेकरू आता माझ्याशी बोलत नाही बघा. म्हणतंय, आज्जीला काही येत नाही, ह्यालाच सगळं येतंय."

मी हसलो आणि म्हणालो, "मावशी, नवी नवलाई आहे. चार दिवसांत ओसरेल." आणि घंटी वाजवून पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

ती माझी चूक होती. ती चूक का होती, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

चेहऱ्याची ओढ

नवजात अर्भकाची दृष्टी किती अंधुक असते हे आपण सर्व वैद्यकव्यवसायी जाणतोच. तरीही जन्मानंतर अवघ्या काही मिनिटांत अर्भक चेहऱ्यासारख्या आकृतीच्या मागे डोळे व मान वळविते आणि तेच डोळे-नाक-तोंड विस्कटून काढलेल्या आकृतीकडे त्या मानाने कमी वळते, असे १९७५ साली गोरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. म्हणजे दोन ठिपके आणि त्यांखाली एक रेघ एवढ्या सामग्रीवर 'इथे कोणीतरी आहे' असे मानण्याची तयारी घेऊनच माणूस जन्माला येतो.

दुसरी बाजू मोठ्यांची. मोठे डोके, रुंद कपाळ, चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात बसविलेले टपोरे डोळे, फुगीर गाल आणि आखूड, गुबगुबीत हातपाय, ही बालरूपाची लक्षणे पाहताच प्रौढाच्या मनात वात्सल्य जागे होते, असे कॉनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडले. आजचे बहुतेक सोबती यंत्रमानव पाहा. त्यांची रचना याच लक्षणांवर बेतलेली आढळेल. ती गोंडस दिसतात हा योगायोग नव्हे.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. १९५८ मध्ये हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांपुढे दोन कृत्रिम माता ठेवल्या. एक तारेची व एक मऊ कापडाची. दूध तारेच्या मातेकडे असले तरी पिले दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या मातेला बिलगून राहत. पोट भरण्यापलीकडे ऊब ही एक स्वतंत्र गरज आहे, हा धडा त्या प्रयोगाने बालरोगशास्त्राला दिला. कडक प्लॅस्टिकचा यंत्रमानव आणि मऊ फरचा यंत्रमानव यांत आतील यंत्रणा एकच असली, तरी लेकराच्या लेखी त्या दोन निराळ्या वस्तू असतात.

आपल्या घरच्या बाहुल्या

हे सारे ज्ञान पाश्चात्त्यांचे, असे मात्र कोणी समजू नये. निर्जीव वस्तूला रूप आणि हालचाल देऊन पाहणाऱ्याच्या मनात प्राण ओतण्याची विद्या आपल्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे.

आपल्याच कल्याण कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्यात, मोरनाळ गावच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर या वयोवृद्ध कलावतीला २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, ती चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळासाठी, ज्याला कन्नडमध्ये 'तोगलु गोंबेयाट' म्हणतात. हा खेळ करणारा किळ्ळेक्यात समाज कर्नाटकात शतकानुशतके वावरत असला तरी त्याची घरची बोली मराठीचीच एक बोली आहे, ही गोष्ट आपणा सीमाभागातील मराठी माणसांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. या खेळातील बाहुल्यांचा आकार पात्राच्या मानाप्रमाणे ठरतो. देव आणि राजे मोठे, सामान्य जन व सेवक लहान. पात्राने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाने कोणापुढे नमायचे हे आकाराने ठरवून टाकलेले असते. आणि ज्याच्यावरून समाजाला नाव मिळाले, तो ढेरपोट्या, जाड ओठांचा, विस्कटलेल्या केसांचा विदूषक पडद्यावर येताच हशा पिकतो.

सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जतन केली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. शहरी महाराष्ट्राला बाहुलीचे बोलणे माहीत झाले ते पाध्ये घराण्यामुळे. यशवंत केशव पाध्ये यांचा अर्धवटराव त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोहोचविला. भुवया उडविणाऱ्या, मान हलविणाऱ्या या लाकडी गृहस्थाला आवडाबाई नावाची पत्नी आहे, आणि प्रेक्षकांतील एकालाही त्यात वावगे वाटत नाही. याच रामदास पाध्ये यांच्या हातून १९९३ च्या महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' चित्रपटातील तात्या विंचू साकारला. त्या वर्षी आणि पुढेही दूरदर्शन संचावर तो चित्रपट लागला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एखादे तरी लेकरू 'रात्री दचकून उठते' म्हणून येत असे. करणारे हात एकच, कारागिरी एकच, परंतु एका बाहुलीला मुले टाळ्या देतात आणि दुसरीच्या भीतीने पांघरुणात शिरतात. फरक कशाने पडला? भुवयांच्या वळणाने, डोळ्यांच्या रोखाने, आवाजाच्या पट्टीने आणि तिच्याभोवती रचलेल्या कथेने.

आणि फार दूर कशाला, ज्वारीच्या रानात उभे असलेले बुजगावणे घ्या. दोन काठ्या, एक फाटका सदरा आणि डोक्याच्या जागी मडके. पाखरे काही दिवस त्याला माणूस समजतात. मग ते हलत नाही, ओरडत नाही हे ध्यानात आले की त्याच्याच खांद्यावर बसून कणीस खातात. रूप पहिली समजूत घडविते, ती टिकविते किंवा मोडते मात्र वर्तन. या लेखाचे अर्धे सार त्या बुजगावण्यात आहे.

भीतीची दरी

हुबेहूब माणसासारखा यंत्रमानव केला की तो सर्वांना अधिक आवडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. जपानचे यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० सालच्या एका छोट्या निबंधात याच्या उलट इशारा दिला. यंत्राचे माणसाशी साम्य वाढते तशी आपली आपुलकीही वाढत जाते, परंतु साम्य जवळजवळ पूर्ण झाले आणि थोडेसेच उणे राहिले की आपुलकी एकदम कोसळते आणि अंगावर शहारा येतो. आलेखातील या घसरणीला त्यांनी दरीची उपमा दिली. हालचाल सुरू झाली की ही दरी आणखी खोल होते, असेही त्यांनी म्हटले. त्यांचा सल्ला असा की, यंत्र करणाऱ्यांनी पूर्ण मानवी रूपाचा हव्यास न धरता अलीकडेच थांबावे.

हा सल्ला व्यवहारात कसा उतरतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे जपानचा 'पारो'. ताकानोरी शिबाता यांनी वृद्ध व स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी तो तयार केला. आरंभी त्यांनी यांत्रिक मांजर करून पाहिले. परंतु लोकांनी खरी मांजरे पाळलेली असल्यामुळे ते लगेच तुलना करीत आणि निराश होत. म्हणून त्यांनी सीलचे पांढरेशुभ्र पिल्लू निवडले, कारण ते कोणी मांडीवर घेतलेलेच नसते, मग तुलना कशाशी करणार? पारो बोलत नाही. कुरवाळले की डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवितो, आणि त्याला विद्युत्‌भारित करण्याचे साधन बाळाच्या चोखणीच्या आकाराचे आहे. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. ज्याने कमी आश्वासन दिले, त्याच्याकडून अपेक्षाभंगही कमी झाला.

आता याच्या शेजारी सोफिया ठेवून पाहू. हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्सने घडविलेली ही मानवसदृश यंत्रस्त्री ३० डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या आय.आय.टी.तील टेकफेस्टमध्ये आली, तीही साडी नेसून. यंत्र तेच होते, परंतु साडी आणि 'नमस्ते' एवढ्याने परकेपणा कितीतरी कमी झाला. त्याच पवईच्या परिसरातील केंद्रीय विद्यालयाचे संगणकशिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लॅस्टिक, लाकूड, ॲल्युमिनियम अशा साध्या वस्तूंपासून 'शालू' तयार केली. २०२१ च्या सुमारास तिची वार्ता देशभर गेली. नऊ भारतीय व अडतीस परदेशी भाषा ती बोलते, आणि त्यांत मराठीही आहे. नावही कसे, तर शेजारच्या घरातल्या मुलीचे असावे असे! कोविडच्या काळात, जून २०२० मध्ये, रेल्वे सुरक्षा दलाने पुणे स्थानकावर प्रवाशांच्या तपासणीसाठी आणलेल्या यंत्रमानवाला 'कॅप्टन अर्जुन' म्हटले गेले. शिकविणारी शालू आणि पहारा देणारा कॅप्टन. यंत्राला ना लिंग ना हुद्दा, तरी आपण नामकरण करतानाच आपल्या समजुती त्याच्यावर चढवितो आणि मग त्याच समजुतींनी त्याच्याशी वागतो.

आपण डॉक्टरांनी यावर हसू नये. आपल्या पांढऱ्या कोटाचे लेकरांवर काय परिणाम होतात हे आपण रोज पाहतो. २०२० साली संरक्षक पोशाख, चष्मा व मुखपट्टी चढवून मी तपासणीस बसलो, तेव्हा जन्मापासून मला ओळखणारी मुलेही किंचाळत असत. माझा आवाज ऐकून काही शांत होत, काही त्यानेही होत नसत. पूर्वी इबोलाच्या साथीत लायबेरियात मेरी बेथ हेफर्नन यांनी आरोग्यसेवकांच्या पोशाखावर त्यांचेच हसरे छायाचित्र चिकटविण्याचा उपक्रम केला होता. मीही तसे केले. कागदावरच्या त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून दोन-तीन लेकरांनी तरी हात पुढे केला, हे मी विसरलेलो नाही.

वर्तनाची भुरळ

रूप नसले तरी केवळ हालचाल पुरते. १९४४ साली हायडर व सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण व एक वर्तुळ यांची हालचाल दाखविणारी एक छोटी चित्रफीत काही व्यक्तींना दाखविली. पहिल्या गटातील ३४ पैकी केवळ एकाने ती भूमितीच्या भाषेत सांगितली. इतरांनी भांडण, पाठलाग, दांडगाई आणि सुटका अशी कथाच रचली. हालचालही नको, केवळ शब्द असले तरी चालते. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी लिहिलेला 'एलिझा' हा संगणक-कार्यक्रम समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न करीत असे. तरीही लोक त्याला मन मोकळे करून सांगू लागले, आणि स्वतः कर्तेच त्याने अस्वस्थ झाले.

बालकांविषयीचे दोन प्रयोग आपण विशेष लक्षात ठेवावेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीटर कान यांच्या अभ्यासात ९, १२ व १५ वर्षे वयाच्या ९० मुलांनी 'रोबोवी' नावाच्या यंत्रमानवाबरोबर काही वेळ घालविला. मग त्याला खेळ अर्धवट सोडून कपाटात बंद करण्यात आले. त्याने 'हे न्याय्य नाही, मला अंधाराची भीती वाटते' अशा अर्थाची तक्रार केली. बहुसंख्य मुलांनी नंतर सांगितले की त्याला बुद्धी आहे, भावना आहेत आणि तो मित्र होऊ शकतो. वय वाढले तसा हा विश्वास काहीसा कमी झाला, पण नाहीसा झाला नाही.

दुसरा अभ्यास २०१८ चा, फोल्मर व सहकाऱ्यांचा. रेघांची लांबी ओळखण्याच्या सोप्या कामात तीन छोट्या यंत्रमानवांनी मुद्दाम चुकीचे उत्तर दिले. प्रौढ त्यांना बधले नाहीत. परंतु ७ ते ९ वर्षांची मुले वारंवार त्यांच्या चुकीच्या उत्तरामागे गेली. आपल्या डोळ्यांना दिसणारे नाकारून यंत्राचे म्हणणे खरे मानण्याचे हे वय आहे, हे पालकांना ठाऊक असलेच पाहिजे.

खेळण्याशी मूल बोलते यात काहीच गैर नाही. ठकीशी आणि चिंध्यांच्या बाहुलीशी ते बोलतच आले आहे. मूल भातुकलीत बाहुलीला जेवू घालते, तिला दटावते, तिचे लग्न लावते. परंतु तेथे बाहुलीचा आवाज मूलच काढते. दोन्ही बाजू त्याच्याच मनातून येतात, आणि म्हणूनच त्याची कल्पनाशक्ती वाढते. बोलक्या यंत्रात दुसरी बाजू कोठून तरी तयार होऊन येते. शिवाय ते यंत्र कधी थकत नाही, रागावत नाही, 'थांब, मला भाकरी थापू दे' असे म्हणत नाही. माणसाच्या सहवासात मूल जे शिकते, म्हणजे वाट पाहणे, दुसऱ्याचा चेहरा वाचणे, नकार पचविणे, रुसवा काढणे, त्याची येथे गरजच पडत नाही.

भाषेचा प्रश्न

आता आमच्या भालकीचा प्रश्न. आपल्याकडील लेकरू घरी मराठी ऐकते, शाळेत कन्नड शिकते, बाजारात हिंदी-उर्दू बोलते आणि फळ्यावर इंग्रजी वाचते. या चार भाषांची सांगड ते माणसांच्या साहाय्याने घालते. ही भाषा आजीची, ही बाईंची, ही दुकानदाराची. प्रत्येक भाषेला एक चेहरा असतो.

पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बालकांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकविण्यात आली. ज्यांच्यासमोर प्रत्यक्ष माणूस बसून बोलला, खेळला, त्या बालकांनी त्या भाषेतील ध्वनिभेद आत्मसात केला. ज्यांनी तेच बोलणे पडद्यावर पाहिले किंवा केवळ ऐकले, ती कोरडीच राहिली. बालकाच्या प्रतिसादाप्रमाणे पुढचा शब्द बदलणारा सजीव चेहरा हे भाषेचे पहिले पाठ्यपुस्तक आहे.

परंतु मला याहून गंभीर वाटते ते वेगळेच. घरात आलेले देखणे, चमकदार, सर्व प्रश्नांची उत्तरे देणारे यंत्र आजीच्या भाषेला 'समजले नाही' असे म्हणते, तेव्हा चार वर्षांचे मूल त्यातून काय निष्कर्ष काढते? यंत्र अपुरे आहे असे नव्हे, तर आजी अपुरी आहे! रूप आणि वर्तन यांनी ज्याला मोठेपण दिले, त्याच्या नजरेने ते घरातल्या माणसांना मोजू लागते. त्या दिवशी दाराशी थांबून आजी मला हेच सांगत होत्या, आणि मी नवलाईची गोष्ट म्हणून ती झटकून टाकली होती.

उपयोगाची बाजू

विषयाला न्याय द्यायचा तर उपयोगही सांगितला पाहिजे. स्वमग्न मुलांसाठी ब्रिटनमधील हर्टफर्डशर विद्यापीठात 'कास्पर' नावाचा बालकाएवढा यंत्रमानव तयार झाला. त्याचा चेहरा मुद्दामच साधा ठेवला आहे, कारण माणसाच्या चेहऱ्यावरील क्षणोक्षणी बदलणारे भाव या मुलांना झेपत नाहीत. येल विद्यापीठाच्या स्कॅसेलाटी यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ स्वमग्न मुलांच्या घरी महिनाभर यंत्रमानव ठेवला होता. रोज अर्धा तास खेळ, तोही पालकासह. महिन्याअखेरीस मुलांचे मोठ्यांकडे लक्ष देणे सुधारलेले दिसले. संख्या लहान आहे हे खरे. परंतु त्यात यंत्र पालकाच्या जागी नव्हते, मूल आणि पालक यांच्या मध्ये पूल म्हणून होते, हे विसरता कामा नये.

जपानमधील तनाका व मात्सुझोए यांच्या २०१२ च्या प्रयोगाने मला तर दिशाच दिली. त्यांनी यंत्रमानवाला शिक्षक न करता चुका करणारा विद्यार्थी केले. तीन ते सहा वर्षांची मुले त्याला इंग्रजी शब्द शिकवू लागली आणि शिकविता शिकविता स्वतःच ते अधिक चांगले शिकली. वर्तन बदलले, नाते बदलले.

आपल्या देशातही हे क्षेत्र वाढते आहे. आय.आय.टी. मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचा 'मिको' हा मुलांचा सोबती यंत्रमानव २०१७ पासून बाजारात आला. तेव्हा 'हे आपल्याकडे येणार नाही' असे म्हणण्यात अर्थ नाही.

रूपाआड दडलेले

गोंडस रूप सावधपणा शिथिल करते, हे मात्र पालकांना सांगितलेच पाहिजे. 'माय फ्रेंड केला' ही बोलकी बाहुली दिसायला साधी बाहुलीच होती. परंतु तिच्यातील ध्वनिग्राहकाशी बाहेरील कोणालाही जोडून घेता येते हे ध्यानात आल्यावर फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीने छुपे पाळतयंत्र ठरवून तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. लेकरू यंत्राच्या कानात जे सांगते ते दूरच्या कोठल्या तरी संगणकात जाते, हे बहुतेक घरांना ठाऊकच नसते.

दुसरी गोष्ट वियोगाची. बाहुली फाटली तर आजी शिवून देते. हे यंत्र कंपनीच्या दूरस्थ संगणकावर जगते. अमेरिकेतील 'जिबो'ने २०१९ मध्ये आपली सेवा बंद होत असल्याचे सांगून आपल्या मालकांचा निरोप घेतला. मुलांसाठीच्या 'मॉक्सी'ची कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडली, तेव्हा लहानग्यांना ही बातमी कशी सांगावी हा पेच पालकांपुढे उभा राहिला. आणि जपानमधील एका बौद्ध मंदिरात सोनीच्या 'आयबो' या बंद पडलेल्या यंत्रश्वानांचे विधिपूर्वक अंत्यसंस्कार झाले आहेत. वस्तू निर्जीव असली तरी तिच्यावर जडलेला जीव खराच असतो, आणि त्याचे दुःखही खरेच असते.

व्यवसायबंधूंना व पालकांना

वरील विवेचनातून मला व्यवहारात उपयोगी वाटलेल्या काही गोष्टी नमूद करतो.

१. बोलण्यात विलंब, एकलकोंडेपणा किंवा हट्टीपणा या तक्रारी घेऊन मूल आले, तर 'भ्रमणध्वनी किती वेळ?' या प्रश्नाबरोबरच 'घरात बोलके खेळणे आहे काय? ते कोणत्या भाषेत बोलते?' हेही विचारावे.

२. दोन वर्षांखालील बालकांना पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीचे सांगणे आहे. डोळ्यांच्या जागी पडदा असलेला यंत्रमानवही त्याच हिशेबात धरावा.

३. जेवताना आणि निजताना यंत्र दूर असावे. हे दोन वेळ माणसांचे आहेत.

४. यंत्राबरोबर मूल एकटे नसावे. मोठे माणूस शेजारी असले की तेच खेळणे संभाषणाचे निमित्त होते.

५. यंत्राला घरातले ज्येष्ठत्व देऊ नये. ते चुकते, त्याला बरेच काही कळत नाही, हे मुलाला हसत-खेळत दाखवून द्यावे.

६. खोटे सांगू नये. 'ते रडेल', 'त्याला राग येईल' असे धाक घालू नयेत. 'हे यंत्र आहे, माणसांनी केले आहे' एवढे सांगितले तरी चार वर्षांच्या मुलाला बरेच उमगते.

७. वृद्धांसाठी असे यंत्र आणले तर ते मुलाबाळांच्या भेटीऐवजी नसावे, भेटींच्या मधल्या वेळासाठी असावे.

त्या लेकराचे पुढे काय झाले?

पाच महिन्यांनी ते मूल पुन्हा आले, या वेळी आईबरोबर. शाळेतून तक्रार आली होती. ते इतर मुलांना आज्ञा देते, त्यांचे उत्तर ऐकण्यापूर्वीच उठून जाते आणि कोणी नाही म्हटले की अंगावर धावते. आजींनी रात्रीची गोष्ट सांगणे केव्हाच सोडले होते. 'तेच ऐकत नाही म्हटल्यावर कोणाला सांगू?' असे त्या म्हणाल्याचे आईने सांगितले. मला दाराशी थांबलेल्या आजी आठवल्या. चार दिवसांत ओसरेल असे मी ज्याला म्हटले होते, ते पाच महिने त्या घरात मुरले होते.

मी सर्व कुटुंबाला एकत्र बोलावले आणि प्रथम आजींची क्षमा मागितली. त्या संकोचून गेल्या. यंत्र काढून घ्यावे असे वडिलांचे मत होते, पण मूल त्यात गुंतले होते आणि हिसकावून घेतल्याने ते आणखी मोठे झाले असते. म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास, तोही आजींच्या मांडीशेजारी, असे ठरले. आजींनी आपल्या मनाने एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची एक छोटी कुंची शिवून त्यांनी ती यंत्राच्या डोक्यावर चढविली आणि त्याचे नाव ठेवले 'बाळ्या'. जो घरात सर्वज्ञ होता तो एका संध्याकाळी पाळण्यातला झाला. मग नातवाला काम सांगितले, "ह्याला आपलं बोलणं येत नाही, तू शिकव." यंत्राला अर्थातच मराठी आली नाही. ते दर वेळी काहीतरी भलतेच उत्तर देई आणि आजी-नातू दोघेही पोट धरून हसत. एक दिवस ते मूल धावत येऊन म्हणाले म्हणे, "आज्जी, ह्याला ज्वारी म्हंजे काय तेच कळत नाही!"

सगळे लगेच सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. शाळेतील तक्रारी थांबायला वर्ष उलटावे लागले, आणि त्यात त्याच्या कन्नड शिकविणाऱ्या बाईंचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे. परंतु आजींच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या.

त्यानंतरच्या येळवशीला सारे कुटुंब शेतावर गेले. बाळ्या घरीच राहिला, त्याला कोणी आठवलेही नाही. अंबील-भज्जीचे जेवण झाल्यावर मूल ज्वारीत उभ्या बुजगावण्यापुढे बराच वेळ थांबले आणि मग त्याने आजीला विचारले, "ह्याला चार्जिंग लागत नाही का गं?" आजी म्हणाल्या, "नाही रे बाबा. त्याला फक्त आपला सदरा लागतो."

हे मला आजींनीच पुढच्या भेटीत सांगितले. यंत्राच्या अंगावर कोणाचा सदरा चढवायचा आणि त्याला घरात कोणत्या जागी उभे करायचे, हे अजून आपल्याच हातात आहे. ते हातात असतानाच आपण लेकरांकडे, आणि दाराशी थांबून काही सांगू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे, लक्ष द्यावे एवढीच माझ्या व्यवसायबंधूंना नम्र विनंती.